गंजाखालचं पोलाद

महाराष्ट्रात कुठंही इमारत उभी राहत असली, तर तिच्या खांबातली सळई जालन्याची असू शकते. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या विजेच्या भट्ट्या ही सळई मुख्यतः भंगारातून घडवतात. खिडक्यांचे मोडके गज, बोअरचे पाइप, मोटारींचे पत्रे, झिजलेले नांगराचे फाळ असं सगळं गल्लोगल्लीचा भंगारवाला गोळा करतो आणि ते कुठल्या ना कुठल्या वाटेनं भट्टीच्या तोंडाशी येतं. त्या ढिगात कधी एखादं रंध्याचं पातं असतं, कधी मूठ गेलेली पटाशी, कधी दांडा नसलेला वाकस. सगळ्यांचा रंग एकच, विटकरी. लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळतं. भट्टी त्याच्याही पुढं गेली की पटाशी कोणती आणि पत्रा कोणता, हे सांगणारं काही उरत नाही.

ही चांगलीच सोय आहे. लोखंड कितीही वेळा वितळवा, ते लोखंडच राहतं. पण पटाशीच्या बाबतीत मला या सोयीचं वाईट वाटतं, कारण पटाशी म्हणजे नुसतं लोखंड नसतं.

सळईत कार्बन फार थोडा असतो. नेहमीच्या 'एफई ५००' प्रतीच्या सळईसाठी भारतीय मानकानं जास्तीत जास्त ०.३० टक्के कार्बनाची मर्यादा घालून दिली आहे. सुताराच्या चांगल्या पटाशीत किंवा रंध्याच्या पात्यात तो पाऊण ते एक टक्क्याच्या आसपास असतो. एवढ्याशा फरकानं धातूचा स्वभावच बदलतो. पोलाद लालबुंद तापलं की कार्बनाचे अणू लोखंडाच्या स्फटिकांत विरघळतात. ते हळूहळू थंड होऊ दिलं, तर हे अणू सावकाश बाहेर पडून आपापल्या जागी जातात. एकदम पाण्यात बुडवलं, तर त्यांना बाहेर पडायला वेळच मिळत नाही. ते जिथल्या तिथं अडकतात, त्यांच्यामुळं स्फटिकाची रचना ताणली जाते आणि धातू कमालीचा कडक होतो. लोहार याला पाणी पाजणं म्हणतो.

नुसतं पाणी पाजलेलं पोलाद काचेसारखं तडकतं. म्हणून लोहार ते घासून चकचकीत करतो आणि पुन्हा अलगद तापवतो. तेव्हा त्याच्या अंगावर रंग चढू लागतात. सव्वादोनशे अंशांच्या सुमारास फिकट पिवळा येतो, मग तपकिरी, मग जांभळा आणि तीनशेच्या आसपास निळा. धारेचं हत्यार असेल तर पिवळ्यावर थांबायचं. हे रंग कुठून येतात? हवेतला प्राणवायू तापलेल्या लोखंडाला चिकटून त्याच्यावर अतिशय पातळ साय धरतो. सायीची जाडी वाढते तसा तिच्यावरून परतणाऱ्या उजेडाचा रंग बदलतो. म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांचं जे लग्न पुढं गंजाच्या रूपानं हत्यार खातं, तेच इथं हत्यार घडवताना लोहाराचं तापमापक होतं.

जालन्याच्या कारखान्यातही हेच घडतं, फक्त प्रचंड वेगानं. लाटून निघालेली तांबडीलाल सळई पाण्याच्या फवाऱ्यांतून सणकन जाते. तिची बाहेरची कातडी कडक होते, गाभा गरम राहतो आणि गाभ्यातली उष्णता बाहेर येऊन कातडीचा ठिसूळपणा घालवते. 'टीएमटी' या तीन अक्षरांमागची युक्ती ती हीच. गावातल्या भात्यासमोर दोन वेगळ्या पायऱ्यांत होणारं काम इथं एकाच झपाट्यात होतं. ज्या जिल्ह्यात ही विद्या गावच्या ऐरणीवरही आहे आणि कारखान्यातही, तिथल्या माणसानं गंजलेली पटाशी किलोच्या भावानं देण्याआधी तिच्यावरची तांबूस साल नेमकी काय आहे, हे एकदा समजून घ्यायला हवं.

लोखंड मोकळं राहत नाही. त्याला प्राणवायूची ओढ आहे. आपल्या पायाखालचा काळा कातळ, म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्याच्या शंभर भागांत साधारण दहा-बारा भाग लोखंडाची ऑक्साइडं असतात. एक लोहचुंबक घेऊन पूर्णा, दुधना, कुंडलिका यांपैकी कुठल्याही नदीच्या वाळूतून फिरवा. त्याला काळ्या बारीक कणांच्या मिशा फुटतात. हे कण मॅग्नेटाइटचे, खडक झिजून मोकळे झालेले. लोखंडाचे तीन अणू आणि प्राणवायूचे चार, अशी त्यांची रचना असते. हे कण लक्षात ठेवा, ते पुढं एका बादलीत पुन्हा भेटणार आहेत.

जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या पलीकडं अजिंठ्याचा डोंगर आहे. तिथल्या लेण्यांतल्या चित्रांचे पिवळे आणि तांबडे रंग हेही लोखंडाचेच. पिवळ्या मातीतलं रंगद्रव्य म्हणजे गोथाइट आणि तांबड्या मातीतलं हेमाटाइट, जे आपण गेरू म्हणून तुळशीवृंदावनाला लावतो. पिवळी माती भाजली की तिच्यातलं पाणी उडून ती तांबडी होते. आता पटाशीवरचा गंज नखानं खरवडून पाहा. त्यात मुख्यतः गोथाइट आणि त्याची भावंडंच असतात. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकारानं भिंतीवर जे लावलं आणि आपण पॉलिशपेपरानं जे घासून टाकतो, ते रसायनशास्त्राच्या नजरेत एकाच घरातलं आहे.

गंजाचं वजनही चकवणारं असतं. १ किलो लोखंड पूर्ण गंजलं तर सुमारे १.६ किलो गंज होतो. वरचा भार हवेतून आणि पाण्यातून आलेला असतो. आकारमान तर काही पटींनी फुगतं. म्हणून जुन्या स्लॅबातली सळई गंजली की ती वरचं काँक्रीट फोडून बाहेर डोकावते. म्हणूनच पटाशीवरची साल पापुद्र्यापापुद्र्यानं सुटते आणि प्रत्येक पापुद्रा खालच्या लोखंडाकडं जायला पाण्याला नवी वाट करून देतो.

आता या प्रकरणातली मला सर्वांत नवलाची वाटणारी गोष्ट. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवा आणि थांबा. थेंबाची कड हवेच्या जवळ असते, म्हणून तिथं प्राणवायू भरपूर. मधोमध तो कमी पोचतो. आपल्याला वाटेल की प्राणवायू जास्त तिथं लोखंड जास्त खाल्लं जाईल. घडतं उलट. लोखंड झिजतं ते मधोमध, प्राणवायू कमी असलेल्या जागी. तिथं लोखंडाचे अणू आपले इलेक्ट्रॉन मागं सोडून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन धातूतून धावत कडेशी जातात आणि तिथला प्राणवायू त्यांना उचलतो. दोन्हीकडून निघालेले पदार्थ पाण्यात वाटेत भेटतात आणि तिथं तांबूस कडं उमटतं. केंब्रिजच्या उलिक इव्हान्स यांनी विसाव्या शतकात हा थेंब बारकाईनं अभ्यासला. त्या चिमुकल्या थेंबाखाली खरोखर वीज वाहत असते. गंजणारं प्रत्येक हत्यार ही एक चालू बॅटरी आहे आणि ती स्वतःलाच खर्च करते आहे.

हे कळलं की सुताराच्या पेटीतल्या कितीतरी गोष्टी उलगडतात. दोन पाती एकमेकांवर पडून राहिली की त्यांच्या फटीतच खोल खड्डे का पडतात? कारण फटीत ओल असते पण प्राणवायू पोचत नाही. घामेजल्या बोटाचा ठसा आठवड्याभरात पात्यावर तांबूस का उमटतो? कारण घामातलं मीठ पाण्याला वीज वाहायला मदत करतं. जालन्याच्या कोरड्या उन्हाळ्यात उघड्यावर राहिलेलं हत्यार तगतं आणि श्रावणात पेटीत बंद ठेवलेलं गंजतं, याचं कारणही हेच. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडाच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर बसतो आणि बॅटरी सुरू होते.

बॅटरी असेल तर ती उलटी चालवता येईल का? येते.

प्लॅस्टिकची बादली घ्यायची. पाच लिटर पाण्यात मोठा चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवायचा. मीठ घालायचं नाही, त्यातून क्लोरीन निघतो. पटाशीची लाकडी मूठ काढून ठेवायची. रंध्याचे पितळी स्क्रू आणि ॲल्युमिनियमचे भाग असतील तर तेही काढायचे, कारण सोड्याच्या पाण्यात ॲल्युमिनियम विरघळू लागतं. बादलीत एका बाजूला साध्या लोखंडाचा तुकडा टांगायचा. जालन्यात त्यासाठी सळईच्या तुकड्याइतकी सहज मिळणारी वस्तू नाही. दुसऱ्या बाजूला पटाशी. दोघांचा स्पर्श होता कामा नये. बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरची ऋण तार पटाशीला आणि धन तार सळईला जोडायची. घरातल्या प्लगची वीज थेट पाण्यात कधीही सोडायची नाही. काम उघड्या हवेत करायचं, जवळ विडी-काडी नको आणि तारांना हात लावण्याआधी चार्जर बंद करायचा. सळईऐवजी स्टेनलेस स्टीलचा चमचा टांगायचा मोह टाळा, त्यातल्या क्रोमियमपासून पाण्यात विषारी संयुगं उतरतात.

चार्जर सुरू झाला की पटाशीभोवती बारीक बुडबुडे दिसू लागतात. तो हायड्रोजन. म्हणून तर उघडी हवा हवी. हे बुडबुडे गंजाच्या खालीच जन्मतात आणि पापुद्र्यांना आतून ढकलतात. त्याच वेळी चार्जरनं पाठवलेले इलेक्ट्रॉन गंजातल्या लोखंडाला परत मिळू लागतात. तांबडा गंज काळा पडत जातो. काही तासांनी पटाशी बाहेर काढून भांड्यांच्या ब्रशनं घासली की काळी मऊ भुकटी हाताला येते. ती बव्हंशी मॅग्नेटाइटची. नदीच्या वाळूत लोहचुंबकाला चिकटलेले कण आठवा. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना जे खनिज झालं, ते आपल्या अंगणातल्या बादलीत एका दुपारी तयार होतं.

गेलेलं लोखंड मात्र परत येत नाही, एवढं ध्यानात असू द्यावं. जिथं खड्डा पडला तिथं खड्डा राहतो. पण उरलेल्या चांगल्या धातूला ही रीत धक्का लावत नाही, कारण वीज चालू असेपर्यंत पटाशीला इलेक्ट्रॉनांचा पुरवठा होत असतो आणि तिला आपले इलेक्ट्रॉन सोडावे लागत नाहीत. तिच्याऐवजी झिजते ती समोरची सळई. शिवाय सोड्याचं पाणी अल्कधर्मी असतं आणि अशा पाण्यात लोखंडावर एक अतिसूक्ष्म संरक्षक पापुद्रा टिकतो. ओल्या काँक्रीटमधली सळई वर्षानुवर्षं शाबूत राहते, तीही सिमेंटच्या अशाच गुणामुळं. घरातल्या मुलांना हे दाखवायचं तर दोन पेल्यांत दोन खिळे ठेवा, एकात साधं पाणी, दुसऱ्यात सोड्याचं. आठवडाभर पाहू द्या. सांगण्याची गरज पडणार नाही.

चार्जर नसेल तर आम्ल आहे. रॉकेलात भिजवून विटेच्या भुकटीनं घासणं ही जुनी रीत वरच्या गंजापुरती चालते. खड्ड्यांत रुतलेल्या गंजासाठी किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, उत्तम. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम पुरे. त्याच्या रेणूला तीन आम्लगट असतात आणि सुटलेल्या लोहकणाला ते असं धरतात की तो पाण्यातच राहतो, परत पात्यावर बसत नाही. चिंच, व्हिनेगर, आंबट ताक यांचंही काम याच जातीचं, फक्त संथ. जालन्याची मोसंबी भौगोलिक मानांकन मिळवलेली, पण या कामाला तिचा उपयोग नाही. तिच्या रसात आम्ल फारच कमी, आणि ती गोड लागते तीही त्यामुळंच.

आम्लात हत्यार रात्रभर विसरू नये. गंज संपला की आम्ल पोलादाकडं वळतं. शिवाय कडक पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकतं, म्हणून अर्ध्या तासानं काढून पाहत राहावं आणि काम झाल्यावर हत्यार एक-दोन दिवस न वापरता ठेवावं. बादलीतून काढलेल्या पटाशीलाही हेच लागू. फरशी धुण्याचं तिखट ॲसिड तर जवळही आणू नये. त्याच्या नुसत्या वाफेनं खोलीतली बाकीची हत्यारं गंजतात.

सगळ्यात मोठा शत्रू आहे ग्राइंडर. घाईत यंत्रावर धरलेल्या पात्याची कड क्षणात निळी होते. वर सांगितलेला तोच निळा, तीनशे अंशांचा. लोहारानं पिवळ्यावर थांबून जी धार राखली होती, ती तिथं संपली. गंज पन्नास वर्षांत जेवढं नुकसान करतो, त्याहून जास्त नुकसान हा निळा रंग दोन सेकंदांत करतो. असं पातं निळा भाग सावकाश घासून काढल्याशिवाय किंवा पुन्हा भट्टीत घालून पाणी पाजल्याशिवाय कामाचं राहत नाही.

गंज उतरल्यावर कधी कधी हत्यारच बोलू लागतं. जुन्या गावठी वाकसावर किंवा पटाशीवर धारेपासून थोड्या अंतरावर एक रेघ दिसते. तिच्या एका बाजूचा धातू काळसर, दुसऱ्या बाजूचा उजळ. पूर्वी पोलाद महाग होतं, म्हणून लोहार सगळं हत्यार मऊ लोखंडाचं करून फक्त तोंडाला पोलादाची पट्टी तापवून जोडायचा. आम्ल दोन्ही धातूंना सारखं लागत नाही, म्हणून सांधा उघडा पडतो. ते मऊ लोखंड फार जुनं असेल तर त्यात लांबट तंतूही दिसतात. धातू पूर्ण न वितळवता लोखंड काढण्याच्या जुन्या पद्धतीत त्यात राहून गेलेला मळ ठोकता ठोकता लांबला जायचा, त्याच्या या रेषा. सुताराच्या हत्यारातच लाकडासारखा पोत निघावा, याहून सुंदर योगायोग कोणता?

विलायती पात्यांवर शेफील्डचं नाव आणि 'कास्ट स्टील' असा ठसा सापडतो. बेंजामिन हंट्समन या घड्याळजीनं १७४०च्या दशकात मुशीत पोलाद वितळवण्याची जी रीत बसवली, तिची ती खूण. आणि मुशीतलं पोलाद दख्खनला नवं नव्हतं. जालना ज्या निजामाच्या राज्यात १९४८पर्यंत होतं, त्याच राज्यातल्या निजामाबादकडच्या कोनासमुद्रम गावातून मुशीतल्या पोलादाच्या वड्या कित्येक पिढ्या इराणपर्यंत जात असत.

स्वच्छ झालेलं पातं ओलं राहिलं तर डोळ्यांदेखत पुन्हा केशरी होतं. म्हणून साध्या पाण्यानं धुऊन लगेच फडक्यानं पुसायचं, उन्हात तापवायचं आणि गरम असतानाच तेल लावायचं. कोणतं तेल? करडईचं आणि जवसाचं तेल मराठवाड्याच्या घरचं, पण ही वाळणारी तेलं आहेत. हवेतला प्राणवायू शोषून ती चिकट साय धरतात. मुठीच्या लाकडाला ती उत्तम, पात्याला शिलाई मशीनचं तेल बरं. आणखी एक संरक्षण हवं असेल तर पातं कडक काळ्या चहात बुडवून पाहा. चहातलं टॅनिन लोखंडाशी जुळून निळसर काळी साय धरतं. हिरड्यात, बाभळीच्या सालीत हेच द्रव्य असतं. हिरड्याचं पाणी आणि लोखंडाचा रस यांच्या मेळातून कापडावरचा पक्का काळा रंग रंगारी शतकानुशतकं काढत आले, आणि बाभळीच्या ओल्या फळीत ठोकलेल्या खिळ्याभोवती काळा डाग पडतो तोही याच मेळाचा.

हीच टॅनिनची प्रक्रिया वस्तुसंग्रहालयांतही वापरतात, फार जुन्या लोखंडासाठी. विदर्भात माहुरझरी, टाकळघाट-खापा इथल्या महापाषाणकालीन दफनांत अडीच हजार वर्षांहून जुन्या लोखंडी कुऱ्हाडी, वाकस, पटाशा मिळाल्या. ही स्थळं उकरणाऱ्यांत अग्रणी होते पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव, ज्यांनी १९७३मध्ये आपल्या भोकरदनलाही उत्खनन केलं. अशा वस्तूचा गंज उतरवणं हा गुन्हाच ठरेल. तिथं धातू जवळजवळ संपलेला असतो आणि पटाशीचा आकार गंजानंच सांभाळलेला असतो. शेतात नांगरताना असं काही हाती आलं तर ते घासू नका, पुरातत्त्व विभागाला कळवा.

पण आजोबांच्या पेटीतली पटाशी अडीच हजार वर्षांची नाही. तिच्या आत धातू शाबूत आहे. दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याची हाक आली, की ती तराजूत टाकण्याआधी एक कानस घ्या आणि पटाशीच्या धारेजवळ, गंज खरवडून, एकदा ओढून पाहा. कानस चावली आणि कीस पडला, तर लोखंड मऊ आहे, हवं तर द्या. कानस काचेवरून जावी तशी घसरली, तर तिथं लोहारानं पाजलेलं पाणी अजून शाबूत आहे. ती पटाशी विकू नका.